गोष्टीतल्या माणसाचा बांध

आमचं घर जिथं आहे तिथं शहाण्या माणसानं घर बांधलं नसतं. माझे सासरे चांगले शहाणे होते, आणि घर त्यांनीच बांधलं. कार्ल्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या शिवेला ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं, डोंगराला पाठ लावून, आमचं एकट्याचं घर. गावात भावकीत जागा पुरत नव्हती म्हणून बाहेर पडलो असं सासूबाई सांगत. पण खरं कारण होतं वरचं खाचर.

उतारावर भातासाठी पायऱ्यांसारखी खाचरं बांधून काढलेली असतात. आमची तीन होती. खालची दोन वाडवडलांची. वरचं सासऱ्यांनी आपल्या हातानं केलेलं. तिथं मुळात जमीन नव्हतीच. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी उतरायचं त्याची ती घळ होती. सासऱ्यांनी तरुणपणी घळीच्या तोंडाला दगडामातीचा बांध घातला. वरून येणारं पाणी एक चर खणून बाजूला वळवलं आणि ओढ्यात नेऊन सोडलं. मग नदीकाठची काळी गाळाची माती पाट्यांनी डोक्यावरून आणून बांधाच्या मागं भरली. सासूबाईंचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा ते माती वाहत होते, आणि शेवटचं झालं तेव्हाही वाहतच होते. शेवटी तिथं भात आलं, आणि गावातली माणसं बघायला आली. त्यानंतर सासऱ्यांनी खाचरांच्या खाली, बरोबर घळीच्या रोखात, घर उभं केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "नजरंम्होरं ऱ्हातंय."

म्हणजे पाण्याची वाट त्यांनी अडवली आणि त्याच वाटेवर आम्हाला आणून बसवलं.

मी लोणावळ्याची. वडील रेल्वेत सांधेवाले होते. पाऊस लोणावळ्यालाही काही कमी नव्हता, पण दार उघडलं की पुढं रस्ता होता, रस्त्याला बाजार होता, आणि गाडीची शिटी ऐकू यायची. माझी चौथी झाली आणि पुढं यथावकाश लग्न झालं. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होता. लोणावळ्याला एका खोलीत तो आणि आणखी काहीजण राहत, आणि सुट्टीला तो घरी यायचा. म्हणजे लोणावळ्याची मी डोंगराखाली आले आणि डोंगराखालचा तो लोणावळ्याला राहिला. यात हसण्यासारखं काही आहे हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

ही हकिगत सांगायची तर आमच्या घरातली एक रीत आधी सांगायला हवी. सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. ते सोप्यात असले तर मी चुलीपाशी, मध्ये कमरेएवढी भिंत. पाणी तापलं असेल तर मी म्हशीला सांगायची, "पाणी तापलंय गं बाई." ते ऐकायचे आणि उठायचे. त्यांना काही हवं असलं तर तेही म्हशीलाच, नाहीतर मांजराला सांगायचे. पोरगी झाली आणि बोलायला लागली तेव्हा दोघांचीही सोय झाली. "आबांना सांग, ताट वाढलंय." "तुज्या आईला म्हनावं, मीठ कमी हाय." पोरगी दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप पोचवायची, तेही शब्द न बदलता. घरात इतकी वर्षं काढली तरी सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडं बघून एक वाक्य बोललेलं मला आठवत नव्हतं. त्यात राग नव्हता, रीत होती. पण शेतीतली गोष्ट बोलायची तर ही रीत पुरत नसे. ताट वाढल्याचं पोरीमार्फत सांगता येतं. तुमचा बांध चुकला आहे, हे सांगता येत नाही.

त्या वर्षी भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली, वरच्या खाचरातलं रोप उभं राहून हिरवं झालं, आणि मग झड लागली. मावळात पाऊस लागून राहतो याचं कुणाला नवल नाही. भिंतींना गवताचे झाप बांधलेले असतात, लाकूडफाटा माळ्यावर असतो, सुकट, हुलगे, तांदूळ भरून ठेवलेले असतात. ओढा भरतो, एखादा दिवस वाट बंद होते, परत उघडते. या वेळी ती उघडेना. ओढ्याचं पाणी पलीकडच्या बाभळीला लागलं आणि तिथंच राहिलं. पुढं ओढा, मागं डोंगर, आणि मध्ये आम्ही: सासरे, सासूबाई, मी, पोरगी, म्हैस आणि दोन बैल. धुरानं डोळे लाल झाले होते. अंथरूण दमट, पीठ दमट, आगपेटी मी पोटाशी धरून वाळवायची. बैल दावणीला उभे राहून कंटाळले होते आणि आपापसात शिंगं लावत होते. पोरगी दारात उभी राहून विचारायची, "पलीकडं जायचं?" आणि सासूबाई म्हणायच्या, "जा की. आबांच्या इरल्यात बसून जा."

अशात नवरा आला. म्हणजे ओढ्याच्या पलीकडं येऊन उभा राहिला. घोंगडीची खोळ, हातात गाठोडं. आम्ही तिघी इरली घेऊन अलीकडच्या काठाला गेलो. पाण्याचा आवाज इतका होता की तो ओरडत होता हे फक्त त्याच्या तोंडावरून कळत होतं. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी आमच्या डोक्यावरून मागं काहीतरी दाखवलं. परत दाखवलं. मग दोन्ही हात वर नेऊन धाडकन खाली आणले.

"काय म्हनतोय गं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हस व्याली का, आसं इचारतोय?"

"म्हैस व्याली तर हात असे कशाला करतील?"

"मंग वासरू पडलं म्हनत आसंल."

मी मागं वळून बघितलं. आमच्या बाजूनं ढग उतरलेला होता, घरामागचं काही दिसत नव्हतं. ओढ्यापलीकडून मात्र दिसत असावं. नवरा बराच वेळ उभा राहिला, मग गाठोडं उचलून मागं फिरला. त्यात बहुधा साखर आणि चहा होता. त्या क्षणी मला त्या चहाचंच वाईट वाटलं, हे खरं ते लिहिते.

घरी येऊन सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं. ते खांद्यावर घोंगडी टाकून वर गेले आणि आले ते सोप्यात जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "अवं, काय झालं तितं?"

"दरड आलीया. चर बुजला."

"आन् पानी?"

"पानी खाचरात."

"मंग बांद?"

"हाय."

"हाय म्हंजी?"

"हाय म्हंजी हाय. तू चूल बघ."

सासूबाईंनी एकदा तरी विचारलं. त्यापुढं त्यांचीही वाट बंद होती. मी तवा ठेवला आणि हिशेब केला. चर बुजला म्हणजे डोंगराचं सगळं पाणी आपल्या जुन्या घळीत उतरणार. घळीच्या तोंडाला बांध. बांध एकदम फुटला तर वरचं खाचर मधल्यावर, मधलं खालच्यावर, आणि ते सगळं आमच्या मागच्या भिंतीवर. बांधाला ओढ्याच्या अंगाला आपण होऊन तोंड पाडलं तर पाणी बाजूनं ओढ्यात जाईल आणि घर राहील. पण त्या पाण्याबरोबर वरच्या खाचरातली माती जाईल, रोपासकट. ती माती परत आणायला एक जन्म लागतो, आणि सासऱ्यांचा तो जन्म खर्च झालेला होता. हे सगळं त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते सोप्यात बसून वाखाची दोरी वळत होते. घर सोडून जावं तर जायचं कुठं? ओढ्यात?

दुपारी पोरगी किरकिर करायला लागली. गोष्ट सांग म्हणाली. दिवसा गोष्ट सांगितली की पोराचा मामा वाट चुकतो असं आमच्याकडं मानतात, म्हणून सासूबाईंनी डोळे वटारले.

"तिचा मामा लोणावळ्यात कोरडा बसलाय," मी म्हटलं. "वाट चुकायला आधी बाहेर तर पडू दे." आणि मग आवाज भिंतीपलीकडं जाईल इतका मोठा करून म्हटलं, "एक माणूस होता. त्याचं डोंगराशी भांडण होतं."

"का?"

"डोंगर त्याचं ऐकत नव्हता म्हणून. डोंगराचं पाणी खाली यायचं. माणूस म्हणाला, इकडून यायचं नाही, तिकडून जायचं. आणि त्यानं मध्ये बांध घातला."

सोप्यात दोरीचा आवाज थांबला.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना बहुतेक पहिल्याच वाक्याला समजलं होतं. सूप खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "त्या मानसाला बायकु व्हती का?"

"होती की."

"बांद घालायच्या आगुदर तिला इचारलं आसंल?"

"नाही विचारलं."

"मंग खरी हाय गोष्ट," सासूबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मी पुढं सांगितलं. पाणी बरीच वर्षं तिकडून गेलं. मग एके वर्षी डोंगरानं दरड पाडून त्याची वाट बुजवली आणि पाणी बांधावर आलं. "आणि माणूस घरात बसून दोरी वळत राहिला."

सोप्यातून खाकरल्याचा आवाज आला. "पोरी, हिकडं ये."

पोरगी पलीकडं गेली.

"तुज्या आईला सांग, त्यो मानूस बसून न्हाई ऱ्हायला. त्यो चर उपसाया गेला."

पोरगी परत आली. "आई, तो माणूस चर उपसायला गेला."

"गेला का? बरं झालं. मग?"

मी भिंतीवरून बघितलं तर सासरे उठले होते, खोरं घेतलं होतं आणि बाहेर पडत होते.

ते परत आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. मी म्हशीला सांगितलं की पाणी तापलंय. अंग धुऊन, भाकरी खाऊन ते बसले आणि पोरीला मांडीवर घेऊन म्हणाले, "त्या मानसानं चर उपासला. पर जेवढा उपासला तेवढंच वरनं आनखी आलं."

"मग तो रडला?"

"रडतोय कशापायी? त्यानं ठरिवलं, बांदाला भायेरनं दगडाचा टेकू द्यायचा."

मी चुलीपाशी होते. पोरीला हाक मारली. "आबांना विचार, त्या बांधाला पोट आलं होतं का?"

"आबा, बांधाला पोट आलं होतं का?"

"आलंतं. थोडं," सासरे म्हणाले.

"मग आबांना सांग, पोट आलेल्या बांधाखाली वाकून दगड लावताना बांध त्याच्या अंगावर आला, तर गोष्ट तिथंच संपते."

पोरीला एवढं लांब वाक्य जमेना. पण सासऱ्यांनी ऐकलं होतंच. "गोष्ट न्हाई संपत," ते पोरीला म्हणाले. "त्येला ल्योक हाय."

"ल्योक वड्याच्या पल्याड हाय," सासूबाई अंधारातून म्हणाल्या. "हात वर करून खाली आनतोय."

सासरे हसले. खरंच हसले. मग म्हणाले, "लय बोलता बायानू. मानूस काय येडा हाय का? ती माती त्यानं डोक्यावर आनलीया. त्येला ठावं हाय ती कुटं आन् किती हाय."

"येडा कोन म्हनतंय," सासूबाई म्हणाल्या. "मान आखडलीय त्येची, येवढंच."

दुसऱ्या दिवशीही ते वर गेले. मी पोरीला सोप्यात बसवलं आणि मागच्या भिंतीला कान लावून बसले. पावसात दगडावर दगड बसल्याचा आवाज अधूनमधून यायचा. तो आला की माझा हात भाकरीवर चालायचा, आणि नाही आला की थांबायचा. सासूबाईंच्या लक्षात आलं असणार. त्याही जात्यापाशी बसून दळत नव्हत्या.

गोष्टीतल्या माणसाला मी बनवलं होतं, आणि आता तो माझ्या हातात राहिला नव्हता. मी त्याला घरात बसवलं तर सासऱ्यांनी त्याला चरावर नेलं. मी त्याला बांधाखालून बाहेर काढायला बघत होते आणि ते त्याच्या हातात दगड देत होते. तो जे करायचा तेच ते जाऊन करून यायचे. किंवा ते जे करणार होते ते आधी त्याच्याकडून करून घ्यायचे. कसंही असलं तरी बाहेरचा पाऊस आमच्या गोष्टीसाठी थांबत नव्हता.

पाणी चुलीमागं आधीपासूनच झिरपत होतं. डोंगराखालच्या घरात ते झिरपतंच. मी तिथून एक नाली करून मोरीत सोडलेली होती. आमच्या डोंगराची माती तांबडी, त्यामुळं पाण्याला नेहमी किंचित तांबूस झाक असायची. त्या दुपारी मी राख भरायला वाकले तर नालीतलं पाणी काळपट होतं. मला वाटलं राखेनं झालं असेल. राख बाजूला केली, नाली धुतली, आणि परत बघितलं. काळंच. बोटावर घेऊन चोळलं तर मऊ, लोण्यासारखं. डोंगराची माती चोळली की खरखरीत लागते.

सासरे नुकतेच येऊन बसले होते. दगड संपले नव्हते, ते थकले होते. बोटं फुटली होती. मी पोरीला जवळ घेतलं आणि तिच्याकडं बघत, पण तिच्यासाठी नव्हे, म्हटलं, "त्या माणसाच्या बायकोच्या चुलीमागं पाणी यायचं. ते तांबडं असायचं."

"मग?"

"आज ते काळं आलं."

मग घोंगडी खाली पडल्याचा आवाज आला आणि सासरे आत आले. ते चुलीपाशी कधी येत नसत. मी पदर ओढून कोपऱ्यात सरकले. ते वाकले, नालीत बोट घातलं आणि चोळलं. नाकाशी नेलं. त्यांना वास घ्यायची गरज का पडली ते मला ठाऊक नाही. आपलं ढोर ओळखावं तसं ते ओळखत असावेत.

"माजीच हाय," ते म्हणाले.

बांध वरून धरून होता आणि खालून पोखरला जात होता. त्यांची माती दगडांच्या सांदीतून, दोन खाचरांच्या खालून, माझ्या चुलीमागं येऊन पोचली होती. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पोरगी म्हणाली, "आबा, आता त्या माणसानं काय केलं?"

ते बोटाकडं बघत होते. "त्येला ठावं न्हाई," ते म्हणाले.

मी पोरीकडं बघून म्हटलं, "त्याला ठाऊक आहे. ओढ्याच्या अंगाला, जिथं दगड लहान आहेत तिथं."

हे बोलल्यावर मला वाटलं, आता काहीतरी होईल. लग्नानंतर मी इतकं उघड कधी बोलले नव्हते. सासऱ्यांनी हात धोतराला पुसला. मग मान वर करून, पोरीकडं नाही, म्हशीकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, "पहार घे. येकट्याला व्हायाचं न्हाई."

सासूबाईंनी पोरीला कडेवर घेतलं आणि बैल, म्हैस सोडून दाराबाहेर, घराच्या रोखातून बाजूला, करवंदीच्या जाळीपाशी नेऊन उभी केली. आम्ही दोघं वर गेलो. खाचर दिसतच नव्हतं, तिथं तळं होतं. रोपाचे शेंडे तेवढे पाण्यावर होते. बांधाचं पोट "थोडं" नव्हतं. त्यांनी लावलेले टेकूचे दगड पोटाखाली कोंबल्यासारखे दिसत होते, आणि त्यांच्या मधून काळं पाणी पिचकाऱ्यांसारखं येत होतं. इतका वेळ ते याखाली वाकून काम करत होते.

ओढ्याच्या अंगाला बांधाचं टोक होतं. त्यांनी दगडाची फट दाखवली, मी पहार घातली, दोघांनी मिळून रेटली. पहिला दगड निघेना. ते म्हणाले, "माजाच हात हाय, म्हनून घट हाय." दुसऱ्या बाजूनं रेटली तेव्हा निघाला. त्यानंतर आम्हाला फारसं काही करावं लागलं नाही. पाण्यानंच बाकीचे दगड ओढून नेले. त्यांनी माझं मनगट धरून मला मागं खेचलं. आधी पाणी गेलं, मग रोप गड्ड्यागड्ड्यांनी मुळासकट गेलं, मग माती जायला लागली. काळी माती काकवीसारखी घट्ट वाहत होती आणि ओढ्यात पडली की दिसेनाशी व्हायची. मी सबंध वेळ खाली घराकडं बघत होते. ते कुठं बघत होते ते मी पाहिलं नाही.

घर राहिलं. मधल्या खाचराचा एक कोपरा गेला आणि गोठ्याची मागची भिंत ओली होऊन बसली, एवढंच. चुलीमागचं पाणी संध्याकाळपर्यंत तांबडं झालं. सासूबाईंनी शेंगोळे केले. सासरे जेवले. पाऊस पडत होता, ओढा भरलेलाच होता, आणि आम्ही होतो तिथंच होतो. फक्त आता डोक्यावर काही टांगलेलं नव्हतं.

ओढा उतरल्यावर गावातली माणसं आली. वरच्या खाचरात दगडगोटे आणि मधोमध एक घळ उघडी पडली होती, सासऱ्यांच्या तरुणपणी होती तशीच. त्यांच्या वयाचा एक भावकीतला माणूस म्हणाला, "आबा, औंदा भात वड्यात लावलं म्हनं?"

"व्हय," सासरे म्हणाले. "आळंदीला उगवंल. काढाया तू जा."

नवराही आला. चहा भिजला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की लोणावळ्याला खोली बघतो, तू आणि पोरगी तिकडं चला. मी म्हटलं, बघू. मला जायचं होतं. लोणावळ्याच्या रस्त्याची, बाजाराची, कोरड्या आगपेटीची मला रोज आठवण यायची. पण भात काढणीनंतर एका सकाळी सासरे पाटी घेऊन नदीकडं निघाले, आणि त्यांच्या मागून सासूबाई चुंबळ घेऊन निघाल्या. दोघांचीही पाठ वाकलेली. मी दारात उभी राहून बघितलं आणि मग तिसरी पाटी शोधायला माळ्यावर चढले. खोली कुणीतरी दुसऱ्यानं घेतली.

त्यांनी बांध परत घातला, तिथंच. मात्र आधीपेक्षा ठेंगणा, आणि ओढ्याच्या अंगाला त्यात दगडी तोंड ठेवलं, रुंद, फळी लावून बंद करता येईल असं. का ठेवलं हे ते कुणाला बोलले नाहीत. माझ्याशीही ते त्यानंतर थेट बोलले नाहीत. मीठ कमी असल्याचं पोरीमार्फतच कळत राहिलं.

पोरगी मात्र गोष्ट विसरली नव्हती. थंडीत एकदा शेकोटीपाशी तिनं विचारलं, "आबा, त्या माणसाचं पुढं काय झालं?"

मी भांडी घासत होते. हात थांबवले नाहीत, पण आवाज कमी केला.

"त्यो मानूस," सासरे म्हणाले, "बांदाला पाठ लावून हुबा ऱ्हायला. पाऊस दमला, त्यो न्हाई दमला. बांद टिकला. येक ढेकूळ न्हाई गेलं."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिनं करवंदीपाशी उभी राहून सगळं पाहिलेलं होतं. "आई, खरं?"

"आबा सांगतात तसंच," मी म्हटलं.

सासरे गेले, सासूबाई गेल्या. पोरगी वडगावला दिली. तिला मुलं आहेत आणि ती त्यांना ही गोष्ट सांगते, आबांच्या शेवटासकट. मी दुरुस्त करायला जात नाही. वरच्या खाचरात भात येतं, पहिल्याइतकं नाही, पण येतं. नवरा अजून लोणावळ्याहून सुट्टीला येतो आणि खोलीचं बोलतो. ओढा अजून भरतो, वाट अजून बंद होते. ती बंद झाली की मी आधी वर जाऊन बांधाच्या तोंडाची फळी काढते, मग खाली येऊन चुलीमागं बोट घालते. पाणी तांबडं असलं, की भाकरी थापायला बसते.